प्रणयनायक : तेलुगू आणि हिंदी चित्रपटांतील

ज्याच्या प्रेमाभोवती चित्रपटाचे कथानक गुंफलेले असते, त्या नायकाला प्रणयनायक म्हणतात. तेलुगू आणि हिंदी चित्रसृष्टींमध्ये कथा, दिग्दर्शक व कलावंत यांची इतकी देवाणघेवाण झाली आहे की, दोन्हीकडचा हा नायक वरवर पाहता एकच वाटतो. परंतु नायिकेच्या घराशी त्याचे नाते काय, हे पाहिले की फरक उघड होतो. हिंदी प्रणयनायक बहुधा परका असतो आणि त्याला त्या घराचा उंबरठा ओलांडायचा असतो. तेलुगू प्रणयनायक मात्र अनेकदा नात्यातलाच असतो, आणि नसला तरी नात्यातल्या माणसाचा हक्क गाजवतो.

याचे मूळ विवाहाच्या रीतीत आहे. आंध्र आणि तेलंगणातील अनेक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी ही मुलाची स्वाभाविक वधू मानली जाते; ती त्याची ‘मरदलु’ आणि तो तिचा ‘बाव’. ‘अत्त’ या शब्दाने तेलुगूत आत्या आणि सासू या दोघींचा बोध होतो. मराठी वाचकाला हे फारसे समजावून सांगावे लागू नये, कारण सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची आपली जुनी रीत याच व्यवस्थेतली आहे. उत्तर भारतातील बहुतेक हिंदू समाजांत आते-मामे भावंडांना सख्ख्या भावंडांसारखेच मानतात. त्यामुळे हिंदी पटकथेला प्रेमाची सुरुवात अनोळखी भेटीपासूनच करावी लागते : रेल्वेचा डबा, महाविद्यालय, पावसातला आडोसा.

के. व्ही. रेड्डी दिग्दर्शित मायाबजार (1957) हे तेलुगू परंपरेचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. त्यातील अभिमन्यू (अक्किनेनी नागेश्वरराव) आणि बलरामाची मुलगी शशिरेखा (सावित्री), म्हणजे मराठी परंपरेतील वत्सला, ही आते-मामे भावंडे असून त्यांचे लग्न लहानपणीच ठरलेले आहे. पांडवांचे राज्य जाताच तिचे आईवडील तिला दुर्योधनाच्या मुलाला द्यायला निघतात. अभिमन्यूला नायिकेचे मन जिंकायचे नसते, तर दिलेला शब्द पाळला जावा एवढेच हवे असते. चांदण्यातील नौकाविहाराच्या गाण्यात तो जो निवांत दिसतो, त्याचे कारण हेच : तिथे आर्जव नाही, आपलेपणाची खात्री आहे.

एकच व्यक्तिरेखा दोन्हीकडे कशी वेगळी घडते, हे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या देवदासवरून कळते. वेदांतम राघवय्या यांच्या तेलुगू देवदासूत (1953) नागेश्वरराव, तर बिमल रॉय यांच्या हिंदी चित्रपटात (1955) दिलीपकुमार नायक होते. दिलीपकुमारांचा देवदास खालच्या पट्टीत बोलतो, वाक्य अर्धवट सोडतो आणि दुःख स्वतःपुरते ठेवतो. नागेश्वररावांचा देवदासू पार्श्वगायक घंटसाला यांच्या आवाजात, हे जग माया आहे, असे दारूच्या नशेत गातो. त्याचे वैयक्तिक अपयश एकदम वेदान्ताला जाऊन भिडते. दोघांत डावे-उजवे करू नये, पण तेलुगू प्रेक्षकांनी पुढे कित्येक वर्षे विफल प्रेमिकाची कल्पना या गाण्यावरून केली, हे नोंदवले पाहिजे.

के. बालचंदर यांनी मरो चरित्र (1978) या तेलुगू चित्रपटावरून एक दूजे के लिए (1981) काढला. विशाखापट्टणमची कथा हिंदीत गोव्यात आली. दोन्हींत कमल हासन हा भाषेच्या भिंतीपलीकडचा, म्हणजे खराखुरा परका नायक आहे, आणि दोन्हींचा शेवट मृत्यूत होतो.

हिंदी नायकाच्या परकेपणाची परिसीमा दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे (1995) मध्ये आहे. नायिकेची आई स्वतः दागिने हाती देऊन पळून जा म्हणते, तरी नायक राज नकार देतो. त्याला मुलगी तिच्या वडिलांच्या हातूनच हवी असते. अखेर रेल्वेच्या फलाटावर वडील मुलीचे मनगट सोडतात. पंजाबातले म्हणून दाखवलेले ते स्थानक प्रत्यक्षात रायगड जिल्ह्यातील आपटा होय. या प्रसंगात नायकाची नम्रता खरी आहे. मात्र निर्णय शेवटपर्यंत वडिलांच्या मुठीत राहतो, ही त्या नम्रतेची किंमत आहे.

तेलुगू नायकाच्या हक्काची दुसरी बाजू अर्जुन रेड्डीत (2017) दिसते. संदीप रेड्डी वंगा यांच्या या चित्रपटात वैद्यकीय महाविद्यालयातील वरच्या वर्गातला नायक नव्याने आलेल्या मुलीला न विचारताच ती आपली असल्याचे वर्गासमोर जाहीर करतो. बावाच्या हक्कामागे निदान कुटुंबाची संमती आणि बांधिलकी होती. इथे नाते नाही, नुसता हक्क उरतो. त्यांनीच काढलेल्या कबीर सिंगमध्ये (2019) हा नायक हिंदीत जवळजवळ जसाच्या तसा आला आणि दोन्ही भाषांत त्याच्या वर्तनावर तीव्र टीका झाली. ती टीका रास्त होती.

शेखर कम्मुला यांच्या, अर्जुन रेड्डीच्याच वर्षी (2017) आलेल्या फिदामधील नायक वरुण अगदी वेगळा आहे. तो अमेरिकेत शिकणारा डॉक्टर असून तेलंगणातील बान्सवाड्याच्या भानुमतीच्या प्रेमात पडतो. तिला वडिलांना आणि गावाला सोडून जायचे नसते. घरजावई होण्याला तेलुगूत ‘इल्लरिकम’ म्हणतात आणि मराठीप्रमाणे तिथेही तो थट्टेचा विषय असतो. वरुण परदेशातली संधी सोडून तिच्याकडे राहायला येतो, आणि चित्रपट त्याची थट्टा करत नाही.