‘डिस्कसाइज’ म्हणजे अडवलेली रॅम नव्हे

नागपूरच्या बर्डीवर दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांत अजूनही ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क सापडते. स्वॅप, म्हणजे रॅम भरली की तिच्यातला डेटा हलवण्याची जागा, त्या डिस्कवर असला की ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडताच मशीन गोठतं. लिनक्समधल्या झेडरॅम या सोयीत पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, डिस्कवर न धाडता रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवली जातात.

याची सुरुवात कॉम्पकॅश नावाच्या प्रकल्पातून झाली. २०१० मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत, स्टेजिंग या कच्च्या कोडच्या विभागात ते ‘रॅमझेडस्वॅप’ म्हणून आलं, नंतर नाव बदलून झेडरॅम झालं आणि २०१४ मध्ये ३.१४ ला ते स्टेजिंगमधून बाहेर पडलं. अँड्रॉइड ४.४ ने तर ५१२ एमबीच्या फोनसाठी २०१३ मध्येच ते सुचवलं होतं.

खरा वाद पेटला २०२० मध्ये. फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या ३३ व्या आवृत्तीने झेडरॅम आपोआप चालू केलं: रॅमच्या निम्मं, कमाल ४ जीबी. पुढच्याच आवृत्तीत ते रॅमइतकं झालं, कमाल ८ जीबी. ‘४ जीबीच्या मशीनवर ४ जीबी झेडरॅम? मग प्रोग्रामला उरलं काय?’ हा प्रश्न आजही प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. दोष झेडरॅमच्या आकाराला दिलेल्या ‘डिस्कसाइज’ या शब्दाचा आहे. तो आकडा आत किती न दाबलेला डेटा मावेल याची मर्यादा सांगतो. रॅम आधीच अडवून ठेवत नाही. रिकाम्या झेडरॅमला त्या आकड्याच्या साधारण ०.१ टक्के, म्हणजे ४ जीबीला जेमतेम ४ एमबी लागतात. झेडरॅमसीटीएल (zramctl) ही आज्ञा चालवून पाहा: ‘डेटा’ खाली मूळ आकार, ‘कॉम्प्र’ खाली दाबलेला, आणि ‘टोटल’ खाली खरोखर खाल्लेली रॅम. गिऱ्हाइकाला मी हा ‘टोटल’ दाखवतो. खऱ्या वापरावर लगाम हवा तर मेम-लिमिट ही झेडरॅमची मर्यादा वेगळी लावावी लागते.

कर्नलची कागदपत्रं सरासरी २:१ दाब धरतात, म्हणून रॅमच्या दुपटीपुढे डिस्कसाइज नेण्यात अर्थ नाही. आधीच दाबलेला डेटा, उदाहरणार्थ फोटो, फारसा आक्रसत नाही.

२०१३ मध्ये कर्नलमध्ये आलेला झेडस्वॅपही पानं दाबतो, पण त्याला मागे डिस्कवरचा स्वॅप लागतोच; फिरत्या डिस्कच्या मशीनवर माझा कौल झेडरॅमलाच. मात्र झेडरॅमवर हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं साठवून मशीन पूर्ण बंद करणं, होत नाही. ज्याला ते हवं, त्याच्यासाठी डिस्कवर स्वॅप राखतो आणि त्याची प्रायॉरिटी झेडरॅमच्या खाली ठेवतो, म्हणजे आधी झेडरॅम वापरलं जातं.