कॅनबेराचा आराखडा आणि वॉल्टर बर्ली ग्रिफिन : पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराच्या आखणीवरून आजही जे वाद होतात, त्यांचं मूळ या शहराच्या आराखड्यासाठी १९११ साली जाहीर झालेल्या स्पर्धेच्या अटींत आहे. अंतिम निवड पंचांनी नव्हे, तर संबंधित सरकारी खात्याच्या मंत्र्याने करायची होती. त्यावरून ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने बहिष्कार टाकला. दुसऱ्या एका अटीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बक्षीसपात्र आराखडे सरकारच्या मालकीचे होणार होते आणि सरकार ते हवे तसे वापरू शकणार होतं.

तरीही १३७ आराखडे आले. मे १९१२ मध्ये पंचांत फूट पडली. दोघांचा कौल २९ क्रमांकाच्या आराखड्याला, तर अध्यक्षांचा स्थानिक मंडळींच्या आराखड्याला. मंत्र्याने बहुमत मानलं. २९ क्रमांक शिकागोचा वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन याचा होता. वय ३५, ऑस्ट्रेलिया कधी पाहिलेला नाही, हाताशी जमिनीच्या चढउतारांचे नकाशे आणि काही चित्रं. डोंगरांच्या शिखरांना जोडणाऱ्या रेषांवर त्याने शहर बसवलं होतं आणि मधून तलाव काढला होता. स्पर्धेत उठून दिसलेली मोठी रंगीत चित्रं त्याच्या पत्नीने काढली होती. ती स्वतः पदवीधर वास्तुविशारद होती, हे बरीच वर्षं तळटीपेतच राहिलं.

१७५० पौंडांचं बक्षीस मिळालं, आराखडा मात्र बाजूला पडला. खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या मंडळाने तो खर्चिक ठरवला आणि विजेत्या आराखड्यांतले तुकडे उचलून स्वतःचा एक तयार केला. फेब्रुवारी १९१३ मध्ये आखणीची पहिली खुंटी ठोकली गेली ती याच गोधडीवर! अटींत तशी मुभा होती, त्यामुळे कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती. पण मग जगभरातून आराखडे मागवायचे कशाला?

सत्तांतर झालं, ग्रिफिनला बोलावणं आलं आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये त्याच्याकडे राजधानीच्या आखणी-बांधणीचं संचालकपद आलं. मंडळ बरखास्त झालं, पण माणसं तीच राहिली. १९१७ च्या चौकशी आयोगाने स्पष्ट म्हटलं की, त्याला आवश्यक माहिती दिली गेली नाही, चुकीची आकडेवारी पुरवली गेली आणि त्याचे अधिकार इतरांनी वापरले. युद्धामुळे पैसाही आटला होता. १९२० मध्ये सल्लागार समिती नेमून त्याला तिचा एक सदस्य व्हायला सांगितलं, तेव्हा तो बाहेर पडला.

पुढे मेलबर्नचं कॅपिटॉल चित्रपटगृह आणि सिडनीजवळची झाडं-खडक न हलवता वसवलेली कॅसलक्रॅग वसाहत ही त्याची कामं. मंदीत नगरपालिकांच्या कचरा जाळण्याच्या भट्ट्यांनी पोट भरलं. १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी तो भारतात आला. ते ग्रंथालय त्याच्या आराखड्याप्रमाणे झालं नाही, पण 'पायोनियर' वृत्तपत्राची इमारत आणि प्रदर्शनाचे मंडप अशी कामं भराभर मिळाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये लखनौतच त्याचं निधन झालं.

कॅनबेरात ग्रिफिनने आखलेल्या तलावात पाणी भरलं ते थेट १९६४ मध्ये. तोवर तिथल्या पूरमैदानावर गोल्फ आणि घोड्यांच्या शर्यती चालत. ज्या टेकडीच्या माथ्यावर त्याने लोकांसाठी सार्वजनिक वास्तू आखली होती आणि संसद मुद्दाम तिच्या खालच्या अंगाला ठेवली होती, त्याच माथ्यावर १९८८ मध्ये नवं संसदभवन उभं राहिलं. छतावर हिरवळ ठेवून लोकांना संसदेच्या डोक्यावर चालता येईल अशी सोय केली, हे या बांधणीचं समर्थन. सुरक्षेच्या नावाखाली आता त्या हिरवळीवरही कुंपण आलं आहे.