संशोधनातलं सॉफ्टवेअर: आधी निबंध, मग डेटा, शेवटी स्वतःच्या नावानं

शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागात एक वाक्य वारंवार भेटतं: 'विश्लेषण आमच्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रोग्रामनं केलं.' प्रोग्रामचं नाव नसतं, आवृत्ती नसते, तो मिळवायचा कुठून याचाही पत्ता नसतो. फार तर 'मागणी केल्यास पाठवू' असं आश्वासन असतं. मागणी करावी, तर तो प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन कधीच बाहेर पडलेला असतो.

यावरून संशोधक कोड दडवून ठेवतात असा समज झाला आहे. काही जण ठेवतातही. पण कोड वाटून घेण्याची रीत संगणकाइतकीच जुनी आहे. निबंधाला नियतकालिक होतं, ग्रंथालय होतं, संदर्भसूची होती. कोडसाठी यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे त्याला बराच काळ दुसऱ्याच्या नावावर वावरावं लागलं.

केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक 6 मे 1949 रोजी पहिल्यांदा चालला. थोड्याच काळात मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या लक्षात आलं, की प्रत्येकानं वर्गमूळ काढण्याच्या सूचना नव्यानं लिहिणं हा वेळेचा अपव्यय आहे. मग छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर तयार उपप्रोग्राम लिहून ते कपाटात रचून ठेवले गेले. कोणता उपप्रोग्राम कशासाठी, हे अक्षरांच्या वर्गवारीवरून कळायचं. हव्या त्या पट्टीची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. तिघांनी 1951 साली हा संग्रह पुस्तकरूपानं छापला, म्हणजे केंब्रिजबाहेरच्या माणसालाही तो वापरता आला. शोधता येणं, मिळणं आणि पुन्हा वापरता येणं या तिन्ही गोष्टी त्या एका खोलीत होत्या. अडचण एवढीच, की खोली एकच होती.

यंत्रं वाढली तशा वाटून घेण्याच्या तऱ्हाही वाढल्या. 1955 साली आयबीएम 704 वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाचा गट काढला आणि सभासद एकमेकांना प्रोग्राम देऊ लागले. 1960 साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीच्या मासिकानं अल्गोरिदम छापायला सुरुवात केली. या सदराची एक गंमत आज विस्मरणात गेली आहे. छापलेला अल्गोरिदम वाचक स्वतःच्या यंत्रावर चालवून बघत आणि तो नीट चालतो की नाही, कुठे चुकतो, हे 'प्रमाणीकरण' म्हणून पुढच्या अंकांत छापून येई. कोडचं खुलं परीक्षण करण्यात आपण काही नवीन करतो आहोत असं वाटणाऱ्यांनी ते जुने अंक जरूर चाळावेत.

1969 साली 'कॉम्प्युटर फिजिक्स कम्युनिकेशन्स' हे नियतकालिक निघालं आणि त्याच्या जोडीला बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्रोग्रामचं ग्रंथालय उभं राहिलं. प्रोग्रामवर निबंध लिहायचा आणि प्रोग्राम ग्रंथालयात जमा करायचा, अशी ही व्यवस्था होती. श्रेय मात्र निबंधाला मिळायचं. कोड निबंधाचं बोट धरून विद्वानांच्या पंगतीत बसला. त्याच वर्षी आयबीएमनं सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी आकारायचं ठरवलं. पुढे कोडला कॉपीराइटचं संरक्षणही मिळालं. याचा परिणाम संशोधकांना फार उशिरा जाणवला: परवाना न जोडता इंटरनेटवर टाकलेला कोड सगळ्यांना दिसतो, पण तो घेऊन बदलायची आणि पुढे वाटायची मुभा कायद्यानं सहसा मिळत नाही. चांगल्या मनानं टाकलेला कितीतरी कोड अशा अवस्थेत पडून आहे.

1985 साली जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी नेटलिब हा गणिती प्रोग्रामचा संग्रह सुरू केला. तेव्हा वेब नव्हतं. ईमेलमध्ये 'सेंड इंडेक्स' एवढंच लिहून पाठवायचं, की पलीकडचा प्रोग्राम ते वाचून यादी परत पाठवायचा. यादीतलं नाव लिहून दुसरा ईमेल केला, की समीकरणं सोडवणाऱ्या लिनपॅक या संचातला हवा तो उपप्रोग्राम पत्रपेटीत हजर! मधे माणूस नाही, विनंती नाही, उत्तराची वाट बघणं नाही. 'मागणी केल्यास पाठवू'ला याहून नेमकं उत्तर पुढच्या वीस वर्षांत फारसं कुणी दिलं नाही. 1990च्या दशकात आर या सांख्यिकीच्या भाषेसाठी क्रॅन हे कोडचं भांडार आलं, 1999 साली खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या कोडसाठी स्वतंत्र सूची काढली, पण बाकीच्या विषयांत 'प्राध्यापकांच्या वेबपेजवर बघा' हाच रिवाज चालू राहिला.

तो किती महाग पडू शकतो, हे 2006 साली दिसलं. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं प्रथिनांच्या रचनेवरचे पाच निबंध मागे घेतले, त्यातले तीन 'सायन्स' या नियतकालिकातले. कारण होतं घरगुती विश्लेषण-प्रोग्राम. त्यानं डेटाचे दोन स्तंभ उलटे केले होते आणि त्यामुळे रचनाच उलटी निघाली होती. तो प्रोग्राम दुसऱ्या प्रयोगशाळेकडून हातोहात आला होता. त्याला ना सार्वजनिक पत्ता होता, ना आवृत्तीची नोंद, त्यामुळे बाहेरच्या कुणी तो तपासण्याचा प्रश्नच नव्हता.

2008 साली कोड ठेवण्याचं आणि मिळून लिहिण्याचं गिटहब हे संकेतस्थळ आलं आणि कोड उघड्यावर लिहिणं अंगवळणी पडलं. पण उघड्यावर असणं म्हणजे जपलं जाणं नव्हे. मार्च 2015मध्ये गूगल कोड हे तसंच संकेतस्थळ बंद होणार असल्याचं जाहीर झालं. गिटोरियसही त्याच वर्षी मिटलं. निबंधांच्या तळटीपांत दिलेल्या त्यांच्या पत्त्यांचा भरवसा राहिला नाही. दुकान कुणाचंही असो, ते बंद करायचा अधिकार मालकाकडेच असतो, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आलं.

त्यावरचे दोन उपाय एव्हाना आकार घेत होते. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 2013 साली झेनोडो हे डिजिटल भांडार सुरू झालं आणि 2014पासून ते गिटहबला जोडलं गेलं. कोडची आवृत्ती जाहीर केली, की तिची प्रत झेनोडोत जमा होते आणि तिला डीओआय, म्हणजे निबंधाला मिळतो तसा कायमचा क्रमांक मिळतो. दुसरा उपाय फ्रान्सच्या इन्रिया संस्थेचा, 2016 सालचा सॉफ्टवेअर हेरिटेज. कुणी जमा करण्याची वाट न बघता सार्वजनिक कोड गोळा करत राहायचा, हे त्याचं धोरण. गूगल कोड आणि गिटोरियसवरचा कोडही त्यानं जपून ठेवला. त्याची ओळखखूण डीओआयसारखी बाहेरून दिलेली नसते, ती फाइलच्या मजकुरावरूनच गणितानं काढतात. कोडमधलं एक अक्षर बदललं तरी खूण बदलते. एप्रिल 2025मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

पत्ता मिळाला तरी श्रेयाचं काय? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीवशास्त्राचे 90 निबंध तपासले गेले. सॉफ्टवेअरच्या उल्लेखांपैकी जेमतेम 31 ते 43 टक्के उल्लेख रीतसर संदर्भ म्हणून आले होते. बाकीचे वाक्याच्या ओघात नुसतं नाव घेऊन मोकळे. त्याच वर्षी फोर्स 11 या गटानं सॉफ्टवेअरचा संदर्भ कसा द्यावा याची तत्त्वं मांडली: सॉफ्टवेअरवरच्या निबंधाचा नव्हे, सॉफ्टवेअरचाच संदर्भ द्या आणि आवृत्ती सांगा. त्याच वर्षी निघालेल्या 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'नं मात्र जुन्या युक्तीलाच नवं रूप दिलं. निबंध छोटा, परीक्षण खुलं, आणि परीक्षक सॉफ्टवेअर खरोखर बसवून बघणार. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. बढती देणारी समिती निबंध मोजते, तर निबंध द्या.

2021पासून गिटहब प्रकल्पातली सायटेशन नावाची छोटी फाइल वाचू लागलं. त्यात शीर्षक, लेखक, आवृत्ती, तारीख, डीओआय अशा मोजक्या ओळी असतात. एवढं लिहिलं, की पानावर संदर्भ देण्याचं बटण दिसतं आणि तयार संदर्भ उचलता येतो. श्रेय मिळत नाही अशी तक्रार करणारे कितीतरी प्रकल्प या फाइलीवाचून राहतात, याचं नवल वाटतं.

दरम्यान डेटाच्या जगात वेगळी हालचाल झाली होती. जानेवारी 2014मध्ये लायडनच्या लॉरेन्झ सेंटरमधल्या बैठकीतून चार अपेक्षा पुढे आल्या: डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी आणि प्रणालींशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. 2016 साली त्या, चौघींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, 'फेअर' तत्त्वं म्हणून छापून आल्या. अल्गोरिदम आणि साधनांनाही ही तत्त्वं लागू आहेत असं त्यात म्हटलं होतं खरं, पण शब्दरचना डेटाचीच होती. निबंधाच्या नावावर वावरलेलं सॉफ्टवेअर आता डेटाच्या खात्यात जमा झालं.

ते खातं त्याला जुळेना. डेटा नोंदलेला असतो, सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं. ते चालवावं लागतं, दर महिन्याला बदलतं आणि इतर शेकडो प्रोग्रामवर उभं असतं. म्हणून रिसर्च डेटा अलायन्स, फोर्स 11 आणि रिसर्च सॉफ्टवेअर अलायन्स यांनी 2020 साली मिळून कार्यगट नेमला आणि 2022 साली संशोधन-सॉफ्टवेअरची स्वतःची फेअर तत्त्वं आली. फरक बारकाव्यांत आहे. प्रत्येक आवृत्तीला वेगळी ओळखखूण हवी, आणि मोठ्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या घटकांनाही. सॉफ्टवेअर उद्या मिळेनासं झालं तरी त्याची माहिती मिळत राहिली पाहिजे. परवाना स्पष्ट हवा. 'पुन्हा वापर' या एका शब्दाचेही दोन भाग केले: ते चालवता यावं, आणि ते समजून घेऊन बदलता किंवा दुसरीकडे जोडता यावं. कोड चांगला आहे की वाईट, यावर ही तत्त्वं काहीच म्हणत नाहीत. अतिशय गचाळ प्रोग्रामही नियमात चोख बसू शकतो.

सॉफ्टवेअरनं ज्या इतर सॉफ्टवेअरवर आधार घेतला त्यांचा नेमका उल्लेख करावा, हेही त्यातलं एक तत्त्व आहे. आज पायथन भाषेत समीकरणं सोडवणारा संशोधक नमपाय या गणिती संचाचा संदर्भ देतो, तोही आठवण राहिली तर. नमपाय ते काम लॅपॅक या जुन्या संचाकडे सोपवतं, आणि लॅपॅक आलं ते लिनपॅकच्या पाठोपाठ. आधारांची ही साखळी यंत्राला वाचता येते आणि साधनं ती उलगडूनही दाखवतात. निबंधाच्या संदर्भसूचीत मात्र फार तर पहिली कडी येते, आणि खालच्या कड्यांचं श्रेय मोजायचं कसं यावर नियतकालिकांचं अजून एकमत झालेलं नाही.