खोक्यावरचा तो बारीक स्टार आला कुठून?

परवा शेजारचे काका नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले, लॅपटॉपला लावला तर ५९.६ जीबी दिसतोय, आणि काकांचा ठाम समज की मधले साडेचार जीबी कोणीतरी खाल्ले, दुधात पाणी घालतात तसं. मी खोकं उलटं करून दाखवलं. मागे मुंगीएवढ्या अक्षरात एक स्टार आणि त्यापुढे लिहिलेलं, १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट, प्रत्यक्ष वापरायची जागा कमी असू शकते. काका म्हणाले, "अरे मग सोबत भिंग पण द्यायचं ना." बरोबर आहे त्यांचं. पण ती ओळ काही कंपन्यांना अचानक प्रामाणिकपणाचा उमाळा आला म्हणून तिथे आलेली नाही, बऱ्याच अंशी ती अमेरिकेतल्या ग्राहकांच्या सामूहिक खटल्यांची, म्हणजे क्लास अॅक्शनची, उरलेली खूण आहे.

जाहिरातीतला दावा कोर्टात ओढायची गोष्ट तशी जुनी. लॉ केलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या वर्षीच लंडनची कार्बोलिक स्मोक बॉलची केस घोकलेली असते. १८९१ मध्ये फ्लूची साथ होती, कंपनीने जाहिरात दिली की आमचा धुराचा गोळा दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरा, तरी फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, आणि खात्री म्हणून १००० पौंड बँकेत ठेवलेत. एका बाईंनी सांगितलं तसा वापरला, फ्लू झालाच, कंपनी म्हणाली अहो ती जाहिरात होती, मनावर काय घेताय. डिसेंबर १८९२ मध्ये कोर्टाने सांगितलं की बँकेत पैसे ठेवलेत म्हणता म्हणजे तुम्ही गंभीर होतात, द्या १०० पौंड. तेव्हापासूनचा वाद आजही तोच आहे की जाहिरातीतली फुशारकी कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होतं. 'जगात भारी' ही फुशारकी, त्यावर कोर्ट काही करत नाही. '१७ इंच', '८ कोअर', '४ जीबी' हे आकडे आहेत, आणि आकडा छापला की तो मोजता येतो.

पण मोजून करणार काय, नुकसान असतं ५-१० डॉलरचं, त्यासाठी वकील कोण लावणार. हा तिढा सोडवला १९६६ ने. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांच्या नियमांत नियम २३ हा १९३८ पासून होताच, पण १९६६ ची दुरुस्ती फार मोठी ठरली, कारण नुकसानभरपाईच्या केसमध्येही एकाने सगळ्यांच्या वतीने दावा लावायचा आणि बाकीचे सगळे आपोआप त्यात धरले जायचे, नको असेल त्याने कळवून बाहेर पडायचं, असं ठरलं. म्हणजे १० डॉलर गुणिले १० लाख लोक. आता वकिलाला पण रस आला, आणि कंपनीला घाम पण फुटला.

गंमत बघा, त्याच १९६६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने टीव्हीच्या स्क्रीनचा आकार कसा सांगायचा याचाही नियम केला, की जेवढं चित्र दिसतं तेवढंच मोजा. पण कॉम्प्युटरचा मॉनिटर म्हणजे टीव्ही नव्हे, त्यामुळे मॉनिटरवाले आरामात काचेच्या अख्ख्या नळीचा कर्ण मोजत राहिले. १७ इंची मॉनिटर म्हणून घरी आणायचा, कडेचा भाग प्लॅस्टिकच्या चौकटीमागे, डोळ्यासमोर जेमतेम १६ इंच. ९० च्या दशकात कॅलिफोर्नियात यावर बऱ्याच कंपन्यांवर केस झाली आणि १९९७ मध्ये तडजोड अशी की ग्राहकाला नवा मॉनिटर घेताना १३ डॉलरची सूट किंवा रोख ६ डॉलर. ६ डॉलर! पण तेव्हापासून जाहिरातीत आकाराशेजारी 'दिसणारा भाग १५.९ इंच' असं छापायला लागले. ज्यांनी २००० च्या आसपास असेंबल्ड पीसी घेतलाय त्यांना आठवत असेल, दोन-दोन आकडे असायचे, आणि दुकानदाराला विचारलं तर तो पण नीट सांगू शकायचा नाही.

या असल्या कूपनांवर इतकी टीका झाली (ग्राहकाला कूपन, वकिलाला रोख लाखो) की २००५ च्या क्लास अॅक्शन फेअरनेस कायद्यात नियम आला की कूपनवाल्या तडजोडीत वकिलाची फी ठरवताना किती कूपनं खरोखर वापरली गेली ते बघायचं.

आता काकांचे साडेचार जीबी. कॉम्प्युटर दोनच्या पटीत मोजतो, १०२४ हा आकडा हजाराच्या जवळचा म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं, तेव्हा फरक २.४ टक्के, कोणाला काय पडलंय. पण पायरी चढाल तसा फरक वाढतो, मेगाला जवळपास ५, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १० टक्के. डिस्क बनवणारे पहिल्यापासून सरळ हजाराच्या पटीत मोजणार आणि विंडोज १०२४ च्या पटीत दाखवणार पण नाव जीबीच लिहिणार. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं काढली, म्हणजे कागदावर वाद मिटला, पण गिबी हा शब्द दुकानात कोणी उच्चारेल तर शपथ. मग २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डेल, अॅपल, एचपी, सोनी वगैरे बड्या मंडळींवर केस, नंतर डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलवर, ८० जीबीच्या डिस्कवर ७४ च दिसतात म्हणून. कंपनीचा बचाव मला फार आवडला, त्यांचं म्हणणं साधारण असं की काही बेकरीवाले डझन म्हणजे १३ मानतात म्हणून १२ अंड्यांच्या खोक्यावर डझन लिहिणाऱ्यावर फसवणुकीची केस करणार का. युक्तिवाद एक नंबर, तरी २००६ मध्ये तडजोड केलीच, ग्राहकाला ३० डॉलर किमतीचं म्हणवलं जाणारं बॅकअप सॉफ्टवेअर फुकट आणि वकिलांना ५ लाख डॉलर. २००७ मध्ये दुसऱ्या डिस्कवाल्या सीगेटनेही किमतीच्या ५ टक्के परत किंवा सॉफ्टवेअर, असं कबूल केलं.

म्हणजे दोष कोणाचा म्हणायचा? माझ्या मते इथे डिस्कवाले खरं बोलत होते, शब्दशः किलो म्हणजे हजारच. पण ज्या अर्थाने घेणारा वाचणार तो अर्थ त्यांना पक्का माहीत होता आणि मोठा दिसणारा आकडा सोयीचा होता, आणि अशा केसमध्ये प्रश्न हाच असतो की सामान्य गिऱ्हाईक वाचून काय समजेल.

म्हणूनच तो स्टार. २०२० मध्ये फ्लॅश ड्राइव्हच्या जीबीवरूनच सँडिस्कवर लावलेला असाच दावा कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टाने फेटाळला, का तर खोक्यावर १ जीबी म्हणजे १ अब्ज बाइट असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या केसेसने स्टार आणला आणि स्टारने पुढच्या केसेस मारल्या.

इंच आणि जीबी निदान मोजता तरी येतात, पुढे शब्दांवर आलं. चिप बनवणाऱ्या एएमडीने ऑक्टोबर २०११ मध्ये बुलडोझर चिप आणली, डेस्कटॉपसाठीचा पहिला खरा ८ कोअर प्रोसेसर म्हणून (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा एक मेंदू). आत रचना अशी की दोन-दोन कोअरची एक जोडी, आणि दशांशाची गणितं करणारा भाग जोडीत एकच, सामाईक. चाळीत दोन खोल्यांना एक नळ असतो तसं, तर बिऱ्हाडं दोन म्हणायची की एक? २०१५ मध्ये केस झाली, जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने क्लास, म्हणजे सगळ्या ग्राहकांचा एकत्र दावा, मान्य केला, आणि 'कोअर म्हणजे काय' हे ज्युरी ठरवणार अशी वेळ यायच्या आत ऑगस्टमध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटलं. त्यामुळे कोअरची व्याख्या कोर्टाने कधी केलीच नाही, ती अजून अधांतरीच.

एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड मात्र सरळ सरळ अंगाशी आलं. सप्टेंबर २०१४ ला कार्ड आलं, ४ जीबी मेमरी, लोक खूश, मग गेम खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की साडेतीनच्या वर गेलं की काहीतरी अडतंय. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने मान्य केलं की ३.५ जीबी वेगळी आणि उरलेली अर्धा जीबी हळू चालणारी आहे, शिवाय कॅश (चिपमधली छोटी वेगवान मेमरी) २ नाही तर १.७५ एमबी आणि आरओपी (स्क्रीनवरचे ठिपके शेवटी तयार करणारे भाग) ६४ नाही तर ५६. कारण काय, तर इंजिनियरिंग आणि मार्केटिंगमध्ये संवाद झाला नाही. आता चार महिने ते चुकीचे आकडे सगळ्या रिव्ह्यूत फिरत होते आणि बनवणाऱ्या एकाही इंजिनियरच्या नजरेला पडले नाहीत, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलर देऊन सुटले.

इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरची पण छोटी आठवण, त्यात आरोप बेंचमार्क म्हणजे परीक्षेचा पेपरच आपल्याला सोयीचा सेट केल्याचा होता. इंटेलने आरोप मान्य केला नाही पण २०१४ मध्ये तडजोड केली, २०००-०२ मधल्या ग्राहकांना १५ डॉलर. तोवर ते पीसी भंगारात गेलेले.

रक्कम नेहमी चिल्लरच असते असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलने कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटमधून हळू केले जातात, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, पण सांगितलं नव्हतं ना. ३१ ते ५० कोटी डॉलरची तडजोड झाली २०२० मध्ये, माणशी सुमारे २५ डॉलर मिळतील असा अंदाज, पण दावे इतके कमी आले की जानेवारी २०२४ मध्ये प्रत्येकाच्या हातात ९२ डॉलर पडले. बहुतेकांनी फॉर्मच भरला नाही!

कंपन्या पण गप्प बसल्या नव्हत्या. 'फुकट' फोनवर ३० डॉलरचा टॅक्स घेतला म्हणून एटी अँड टी वर केस झाली होती, त्यात २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की करारात कोर्टाऐवजी लवादाकडे, आणि तेही एकेकट्यानेच, जायचं असं लिहिलं असेल तर ते चालेल, म्हणजे क्लास अॅक्शनची वाटच बंद. त्यानंतर 'आय अॅग्री' च्या खाली ते कलम टाकायची लाटच आली.

आणि आता एआय. मार्च २०२५ मध्ये अॅपलने जाहिरातीत दाखवलेली नवी हुशार सिरी (आयफोनमधली बोलणारी मदतनीस) पुढे ढकलली आणि त्याच महिन्यात सॅन होजेमध्ये क्लास अॅक्शन दाखल झाली. २०११ च्या आयफोन ४एस च्या सिरीवरची अशीच केस २०१४ मध्ये कोर्टाने काढून टाकली होती, जाहिरातीतलं नेमकं काय खोटं ते दाखवता आलं नाही म्हणून. यावेळी निदान जाहिरातीतलं फीचर मुळात आलंच नव्हतं.

आपल्याकडे काय? ग्राहक चळवळ आपल्याकडे नवी नाही, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही एकाने सगळ्या समान हिताच्या ग्राहकांसाठी तक्रार करायची सोय होती, २०१९ च्या कायद्यात ती कलम ३५(१)(क) मध्ये आहे, पण वापर होतो तो बहुतेक बिल्डरांविरुद्ध, फ्लॅटचा ताबा अडकला की. गॅजेटसाठी जवळपास नाहीच. एक कारण मला फार मोठं वाटतं, बार कौन्सिलच्या नियमानुसार आपल्या वकिलाला 'जिंकलो तर इतके टक्के' अशी फी ठरवता येत नाही, आणि तिकडची सगळी गाडी त्याच तेलावर चालते. त्याऐवजी जुलै २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख आणि परत केली तर ५० लाखांपर्यंत दंड, पण तो दंड ग्राहकाच्या खिशात येत नाही.

एकट्याने जायचं तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी शून्य आहे, हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले साडेचार जीबीसाठी मी तारखा घेत बसू का, आणि पेनड्राइव्हमध्ये अभंग भरून गाडीला लावून मोकळे झाले.