वासोट्याची वाट बोटीतून का सुरू होते

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर पहिल्यांदा जाणारा माणूस बामणोलीच्या धक्क्यावर एकदा तरी विचारतोच, की आलोय ट्रेकला मग आधी तास-दीड तास बोटीत कशाला बसायचं, जमिनीवरनं वाट नाही का. वाट होती की. ती आता शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाला आहे. आपण ज्याला वासोटा ट्रेक म्हणतो तो एका जुन्या, कितीतरी लांब वाटेचा उरलेला वरचा तुकडा आहे आणि हे माहीत असलं की ते जंगल चालताना वेगळंच वाटतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

कोयना महाबळेश्वरात उगवते आणि इतर नद्यांसारखी पूर्वेला न पळता दोन डोंगररांगांच्या मधनं सरळ दक्षिणेला जाते, मग हेळवाकजवळ वळून कराडला कृष्णेला मिळते. ह्या लांबलचक खोऱ्याच्या पूर्वेच्या रांगेवर कास पठार, आणि पश्चिमेची रांग म्हणजे सह्याद्रीची मुख्य धार, तिच्यापलीकडे थेट कोकण. म्हणजे साताऱ्याकडनं कोकणात उतरायचं तर खोरं आडवं ओलांडायचं, नदीतनं पार व्हायचं, आणि पलीकडच्या धारेवरनं खाली. वासोटा बसलाय तो त्या धारेवर. कोकणातनं मीठ, सुकी मासळी वर यायची, घाटावरनं धान्य, गूळ, मिरची खाली जायची, सगळं डोक्यावर नाहीतर बैलाच्या पाठीवर.

बोट आपल्याला जिथं उतरवते त्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची पहाऱ्याची जागा, तिथली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची आणि वर वर्दी द्यायची. गाव उठलं तरी नाव राहिलंय.

किल्ल्याचा इतिहास बहुतेकांना तुकड्या-तुकड्यात माहीत असतो. हा सगळा जावळीचा मुलुख, मोऱ्यांचा. महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली पण वासोटा लगेच नाही आला, तो आला १६६० च्या जूनमध्ये, आणि तेव्हा महाराज स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेले होते! स्वतःभोवती सिद्दी जौहरचा फास असताना इकडं फौज पाठवून हा किल्ला घेतला, यावरनं त्याची किंमत कळते. त्याला व्याघ्रगड हे नावही त्यांचंच. पुढच्या वर्षी राजापूरच्या वखारीतले इंग्रज पकडले त्यातले काही इथं कैदेत होते. मला विचाराल तर ह्या किल्ल्याची खरी ताकद तटबंदीत कधीच नव्हती, ती ह्या जंगलात होती, कारण वरनं निसटलेला कैदी जाणार कुठं, एका बाजूला बाबूकडा सरळसोट तुटलेला आणि बाकी तिन्ही बाजूंनी दिवसाही अंधारी झाडी.

१८०० नंतरच्या वर्षांत इथं औंधच्या पंत प्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलीण नावाच्या बाईनं पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी किल्ला लढवला, तिच्यावरची म्हण अजून आमच्याकडं म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकू येते. मग १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसं इथं ठेवलेली, दोन इंग्रज अधिकारीही कैदेत होते, आणि एप्रिलमध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला तेव्हा किल्ला पडला. त्या झाडीतनं तोफा वर कशा ओढल्या असतील हा विचार मला दरवेळी त्या चढावर येतो. आज वर गेलात तर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, वाड्याची जोती आणि चुन्याचा घाणा एवढंच दिसतं.

वाट खरी तुटली ती धरणानं. कोयनेचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं, १९६२ च्या सुमारास पाणी भरायला लागलं आणि नदीचं तळं झालं. आज त्यात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि ते डोंगराच्या पोटातनं बोगद्यानं पश्चिमेला सोडून वीज करतात, महाराष्ट्राचे दिवे लागले ते ह्या पाण्यावर. पण गावंच्या गावं उठली, बामणोली, तापोळा वर सरकली, कितीतरी लोक सोलापूर, रायगड, ठाण्याकडं गेले. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, उरलेल्यांचीही घरं गेली.

आमच्या आजीचं माहेर ह्याच खोऱ्यातलं. ती सांगायची की उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची, पायताणं हातात घ्यायची आणि पलीकडं. एका मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं तेव्हा तिला लाँचनं घेऊन गेलो होतो. तडकलेल्या गाळात घरांची जोती उघडी पडलेली, एका ठिकाणी जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. ती तिथं बसली आणि उखळाच्या तोंडातला सुकलेला गाळ बोटांनी काढत राहिली, पार तळ लागेपर्यंत, आणि मग म्हणाली, चला आता. घर कुणाचं ते मी विचारलं नाही.

माणसं गेली, शेतं पडीक पडली, आणि जंगल खाली उतरत आलं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, जवळपास ४२३ चौरस किलोमीटर, २०१० मध्ये ते खालच्या चांदोलीसोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. म्हणून फॉरेस्टवाल्यांची परमिशन लागते, पावसाळ्यात बंद, मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत बोटीत परत. सॅक उघडून पाण्याच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे एकेक मोजून लिहून घेतात, डिपॉझिट घेतात आणि येताना तेवढंच प्लास्टिक दाखवायला लागतं. ह्यावर कुरकुर करणारे भेटतात पण मला हा नियम मनापासून पटतो, जिथं गवा आणि अस्वल पाण्यावर येतात तिथं आपला कचरा कशाला. ओढ्याजवळ पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तर शेकरू दिसायची शक्यता बरीच असते. आणि झाडीत मधेच रचलेल्या दगडांची ओळ लागली तर नीट बघा, तो जुन्या शेताचा बांध असू शकतो.

चढाच्या शेवटाला एक फाटा येतो, एक वाट किल्ल्यावर आणि दुसरी धारेनं नागेश्वरच्या गुहेकडं. गुहेत शंकराची पिंड आहे, वरनं पाणी ठिबकत असतं. तिथनं खाली कोकणात खेड तालुक्यातलं चोरवणे. आपल्या बाजूचा अर्धा रस्ता पाण्यात गेला पण तिकडचा अर्धा शाबूत आहे, आणि महाशिवरात्रीला चोरवण्याकडनं माणसं अजून तो चढून येतात, म्हातारे, पोरंसोरं, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका. आपण बोटीनं जाऊन तिथं पोचतो तेव्हा ते आधीच दर्शन घेऊन सावलीला बसलेले असतात.