बिनतिकिटाच्या गाडीचे गाणे : ‘पीपल गेट रेडी’ची पार्श्वभूमी

शिकागोच्या ‘द इम्प्रेशन्स’ या कृष्णवर्णीय गायकत्रयीचे ‘पीपल गेट रेडी’ हे गाणे १९६५च्या आरंभी बाजारात आले आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत तिसऱ्या, तर सर्वसाधारण यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. लिहिणारे कर्टिस मेफील्ड तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेला वॉशिंग्टनचा विराट मोर्चा आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत वर्णद्वेष्ट्यांनी बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये केलेल्या बॉम्बस्फोटात झालेला चार मुलींचा मृत्यू, या १९६३मधील दोन्ही घटना ऐकणाऱ्यांच्या मनात ताज्या होत्या. असे असूनही गाण्यात मोर्चा नाही, कायदा नाही, कोणाचे नावही नाही. येऊ घातलेली एक आगगाडी आहे आणि तिच्यात बसायला तिकीट लागत नाही, श्रद्धा पुरते.

ही गाडी मेफील्ड यांच्या कल्पनेतून निघालेली नव्हती. त्यांची आजी ॲनी बेल शिकागोतील एका छोट्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होती, तिथेच ते लहानपणी गाऊ लागले, आणि या गाण्याचे श्रेयही त्यांनी पुढे चर्चमध्ये कानांवर पडलेल्या उपदेशालाच दिले. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेल्या, ‘स्पिरिच्युअल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भक्तिगीतांत जॉर्डन नदीपलीकडे, म्हणजे स्वर्गात नेणारी गाडी वारंवार येते. गुलामांना उत्तरेकडे पळून जायला मदत करणाऱ्या गुप्त जाळ्यालाही ‘भूमिगत रेल्वे’ असेच नाव होते. अशी गीते म्हणजे पळून जाण्याचे सांकेतिक निरोपच होते, या कथा मात्र पुष्कळशा नंतर रंगवलेल्या दिसतात. विसाव्या शतकात दक्षिणेतून शिकागोकडे लाखो लोक खऱ्याखुऱ्या रेल्वेने आले. त्यामुळे गाडी म्हटले की मोक्ष आणि स्थलांतर हे दोन्ही अर्थ श्रोत्याला समजावून सांगावे लागत नसत.

मेफील्ड यांनी केलेला बदल बारीक आहे, आणि माझ्या मते गाण्याचे मर्म त्यातच आहे. ‘धिस ट्रेन’ या जुन्या भक्तिगीतातली गाडी जुगारी, खोटारडे अशांना चढू देत नाही. म्हणजे तिथे पाप हे माणसाच्या खासगी वर्तनाचे आहे. मेफील्ड यांच्या गाडीत फक्त एकाला जागा नाही : स्वतःला वाचवण्यासाठी साऱ्या मानवजातीला इजा करणाऱ्याला. वर्णद्वेषाचा उल्लेखही न करता इथे पापाची व्याख्याच सार्वजनिक झाली.

गाण्याची घडणही चर्चचीच आहे. सुरुवातीला शब्द नाहीत, नुसते गुणगुणणे आहे. पुढे मेफील्ड यांच्या उंच, हळुवार आवाजातून ओळ फ्रेड कॅश आणि सॅम गुडन यांच्याकडे जाते आणि तिघे ती एकमेकांकडून उचलून घेतात, ही गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिसंगीत गाणाऱ्या चमूंची रीत. जॉनी पेट यांच्या वाद्यवृंद-संयोजनात तंतुवाद्ये आहेत, पण ती गिटारवर कुरघोडी करत नाहीत. त्या गिटारची गोष्ट वेगळीच. मेफील्ड पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर स्वतःच वाजवायला शिकले होते, म्हणून गिटारच्या ताराही त्यांनी त्याच स्वरांत लावल्या. तारा नुसत्या छेडल्या तरी आपल्या पेटीवरच्या काळी तीनचा स्वरमेळ उमटे. इतर वादकांना त्यामुळे ती गिटार सहज वाजवता येत नसे.

मराठी श्रोत्यांपैकी अनेकांनी हे गाणे बहुधा जमैकाचे रेगे गायक बॉब मार्ली यांच्यामार्फत, नकळत ऐकलेले असते. त्यांच्या ‘वन लव्ह’च्या १९६५च्या पहिल्या ध्वनिमुद्रणातही मेफील्ड यांच्या ओळींची उचल होती, आणि १९७७च्या आवृत्तीच्या शीर्षकात तर ‘पीपल गेट रेडी’ हे नावच जोडले गेले. मार्ली यांनी उचलली ती नेमकी त्या पाप्याचीच ओळ. मेफील्ड त्याला गाडीत जागा नाही म्हणून सांगतात. मार्ली मात्र विचारतात, की त्याला कुठे जागा आहे का?