‘ग्रस्त’ ते ‘पॉझिटिव्ह’: एका ओळखीची पार्श्वभूमी

एड्सग्रस्त, एचआयव्हीबाधित, एचआयव्हीसह जगणारे, पॉझिटिव्ह. यातला ‘ग्रस्त’ आपण पूर-दुष्काळासाठी वापरतो, आणि ‘बाधित’ला भूतबाधेचा वास आहे. दोन्ही शब्द बाहेरच्यांनी चिकटवलेले. ‘पॉझिटिव्ह’ मात्र त्या माणसांनी स्वतः उचलला, लॅबच्या रिपोर्टवरून थेट आपल्या संस्थांच्या पाट्यांवर. एकेकट्याने हे जमलं नसतं.

आजाऱ्यांना एकत्र बसवण्याचा प्रयोग आधी डॉक्टरांनी केला. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांसाठी आठवड्याचा ‘वर्ग’ सुरू केला. घरी ताप, खाणं, विश्रांती वहीत लिहायची, वर्गात आल्यावर वजन करायचं. वजन वाढलेल्याचा चेहरा पाहून बाकीच्यांना हुरूप यायचा. तरी वर्ग तो वर्गच, शिकवणारे डॉक्टर आणि शिकणारे रोगी.

ही बैठक मोडली १९३५ मध्ये, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी. बिल विल्सन शेअर बाजारातला, बॉब स्मिथ सर्जन, आणि दोघेही दारूपायी रसातळाला गेलेले. त्यांच्या भेटीत एकाच्या डॉक्टरकीला काडीचा भाव नव्हता. कामाला आलं ते दोघांचं पिणं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. तिथे वीस वर्षं थेंब न घेतलेला माणूसही उभा राहून ‘मी अल्कोहोलिक आहे’ असंच सांगतो, ‘होतो’ म्हणत नाही. बाहेरच्या माणसाला हे स्वतःला डाग देणं वाटतं. पण बाहेर शिवी असलेला शब्द त्या खोलीत नावापाठोपाठ येतो, आडनावासारखा.

एड्सच्या रुग्णांनी उलट वाट धरली. जून १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला आरोग्य परिषद भरली होती. तिथे दहा-बारा रुग्ण एकत्र आले, त्यांत मायकेल कॅलन होते, बॉबी कॅम्पबेल होते. त्यांनी जाहीरनामाच मांडला: आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, त्यात हार मानणं आहे, ‘रुग्ण’ आम्ही अधूनमधून असतो, आम्ही ‘एड्स असलेली माणसं’ आहोत. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ कॅथी शार्माझ यांनी दीर्घ आजारात आधीचा ‘मी’ कसा निसटत जातो, यावर निबंध लिहिला. डेन्व्हरची मंडळी तो ‘मी’ परत मागत होती, पण एकवचनात नाही.

आपल्या अंगणातली गोष्ट गोव्याची. म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचललं. आपल्याला काय झालंय हे त्याला धड कुणी सांगितलंही नव्हतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्याला वेगळं डांबण्याची तरतूद होती. त्याला ठेवलं ते क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात, पहाऱ्यात, ६४ दिवस. आई ल्युसी उच्च न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक घरी आला, पण कायदा न्यायालयाने वैधच ठरवला. त्याची नोकरीही गेली. १९९२ मध्ये त्याने सोबत्यांबरोबर संस्था काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘पॉझिटिव्ह पीपल’. ज्या शब्दापायी डांबलं, तोच दारावर लावला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो गेला.

पुढे १९९७ मध्ये चेन्नईत आयएनपी प्लस हे देशपातळीवरचं नेटवर्क उभं राहिलं, पुढच्याच वर्षी बायकांचं वेगळं. महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत गट झाले. बायकांचं वेगळं का, हे सांगायला नको. कितीतरी जणींना आपली लागण कळली ती गरोदरपणातल्या तपासणीत, नाहीतर नवरा गेल्यावर. सासरी ‘हिनेच आणलं’ हे ऐकून झालेलं असायचं. गटात पहिल्यांदा कुणी विचारलं, ‘ताई, तुमचा सीडीफोर किती?’, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, आणि त्या प्रश्नात आरोप नव्हता.

एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या औषधांच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या आणि मरणाचा आजार हळूहळू रोजच्या गोळीचा झाला. माझ्या मते खरा पेच इथून सुरू झाला. ज्याला अजून तीस-चाळीस वर्षं जगायचंय, त्याने किती काळ ‘पॉझिटिव्ह’ म्हणूनच जगायचं? काहींनी गट सोडला, संसाराला लागले. काहींची ती ओळख पोटापाण्याची झाली: कार्यशाळांतून तीच कहाणी सांगायची, प्रवासखर्च आणि मानधन घ्यायचं. याला मी नावं ठेवणार नाही. पण शंभराव्यांदा सांगितलेली कहाणी आपली राहते का, हा प्रश्न उरतोच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आणखी एक नाव दिलं, ‘संरक्षित व्यक्ती’. ते बोलण्यात कुणी वापरताना मी ऐकलेलं नाही.

वधूवर मेळावे मात्र भरतात, फक्त पॉझिटिव्ह मुलामुलींचे. तिथे वय, शिक्षण, नोकरीच्या रांगेत सीडीफोरचा आकडाही येतो. घरी गोळ्यांच्या डबीचं लेबल खरवडून टाकणारी, डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबणारी माणसं ही. मेळाव्यात गोळीची वेळ झाली की शेजारच्याकडे पाण्याची बाटली मागतात.